विद्यार्थ्यांनी बसायचे कुठे?

(महाविद्यालयीन विद्यार्थी प्रतिनिधींच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आजच्या सत्राच्या पत्रिकेत 'विद्यार्थी प्रतिनिधी आणि महाविद्यालयीन जीवन' असा विषय छापलेला आहे. हा विषय इतका ऐसपैस आहे की वक्त्याने त्यात शिरावे आणि श्रोत्यांनी त्याला शोधत बसावे. म्हणून मी तो एका प्रश्नापुरता आवळून घेतो. तास संपलेले आहेत, ग्रंथालय बंद झाले आहे, वसतिगृहाच्या खोलीत चार माणसे मावत नाहीत आणि खिशात फारसे पैसे नाहीत. अशा वेळी विद्यार्थ्याने आपल्या मित्रमैत्रिणींसह बसायचे कुठे?

प्रश्न किरकोळ वाटेल. 'शिकायला आलात, बसायला कशाला जागा हवी?' असे विचारणारे प्राचार्य आपल्यापैकी अनेकांना भेटले असतील. परंतु याच प्रश्नाने जगातील सर्वांत धनाढ्य विद्यापीठाला सव्वाशे वर्षे दमवले आहे, आणि तेथील निर्वाचित विद्यार्थी मंडळाची चाळीस वर्षे त्याच्या पाठपुराव्यात गेली आहेत. हे विद्यापीठ म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड. मी मुद्दामच हे उदाहरण निवडले आहे. आपल्याकडे असा विषय निघाला की 'निधी नाही' या दोन शब्दांत तो मिटतो. हार्वर्डच्या गंगाजळीत पन्नास अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आहे आणि पदवीपूर्व विद्यार्थी जेमतेम सात हजारांच्या घरात. तेथे निधीची सबब चालत नाही. म्हणूनच मूळ दुखणे कुठे आहे ते स्वच्छ दिसते.

हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. बोस्टनच्या पलीकडे, चार्ल्स नदीच्या काठी केंब्रिज नावाचे गाव आहे, तेथे हे विद्यापीठ वसलेले आहे. या गावात मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यू आणि माउंट ऑबर्न स्ट्रीट या रस्त्यांच्या परिसरात काही जुन्या, विटांच्या, बाहेरून अबोल दिसणाऱ्या इमारती आहेत. हे तेथील 'फायनल क्लब'. पूर्वी विद्यार्थी एका क्लबातून दुसऱ्या क्लबात चढत जात असे आणि शेवटी ज्यात पोहोचे तो 'फायनल', अशी या नावाची उपपत्ती. यातील सर्वांत जुना पोर्सेलियन क्लब आपले मूळ १७९१ सालापर्यंत नेतो. भाजलेल्या डुकराच्या मेजवानीवरून त्याचे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. क्लबच्या समोर, विद्यापीठाच्या आवाराला १९०१ साली बांधलेले एक प्रवेशद्वार आहे. त्याच्या कमानीवर रानडुकराचे मुंडके कोरलेले आहे. विद्येच्या प्रांगणाच्या दारावर एका खाजगी मंडळीची मुद्रा असावी, यातच सारे काही आले.

या क्लबात प्रवेश अर्ज करून मिळत नाही. निमंत्रण यावे लागते, आणि ते आले तरी पुढच्या चाळण्यांत टिकावे लागते. थिओडोर रूझवेल्ट पोर्सेलियनचे सदस्य होते. त्यांचे दूरचे नातेवाईक फ्रँकलिन रूझवेल्ट हार्वर्डमध्ये आले, विद्यार्थ्यांच्या 'क्रिमसन' या दैनिकाचे प्रमुख झाले. पण पोर्सेलियनने त्यांना घेतले नाही. पुढे चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या या माणसाच्या मनातून ती सल गेली नव्हती, असे सांगितले जाते. रूझवेल्ट घराण्यातल्या मुलाची ही अवस्था, तर शिष्यवृत्तीवर आलेल्या लोहाराच्या मुलाचे काय होत असेल?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर विद्यार्थ्यांची सरळ दोन गावे झाली होती. श्रीमंतांची मुले माउंट ऑबर्न स्ट्रीटवरच्या खाजगी, सुखसोयींनी सज्ज अशा वसतिगृहांत राहत. त्या भागाला 'गोल्ड कोस्ट' असेच नाव पडले होते. बाकीचे विद्यापीठाच्या आवारातील जुन्या, गैरसोयीच्या खोल्यांत. अभ्यासक्रम एक, अध्यापक तेच, पदवीही तीच. पण चार वर्षांत एकमेकांच्या ताटाला ताट लागत नसे.

हे ज्यांना खुपले त्यांत हेन्री ली हिगिन्सन हे एक होते. बोस्टनचे हे पेढीवाले. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना त्यांनीच १८८१ मध्ये केली. यादवी युद्धात लढलेले गृहस्थ. युद्धात कामी आलेल्या मित्रांच्या स्मरणार्थ त्यांनी विद्यापीठाला क्रीडांगणासाठी जमीन दिली होती. त्यांच्याच देणगीतून १९०१ साली 'हार्वर्ड युनियन' उभे राहिले. कल्पना साधी होती. ज्यांना कोणताही क्लब बोलावत नाही, त्यांचाही एक क्लब असावा. भव्य दालन, शेकोट्या, शिंगांची झुंबरे, वाचनाची सोय. थोडक्यात, निमंत्रणाची अट काढून टाकलेला श्रीमंती थाट.

मित्रहो, येथे जरा थांबू या. हिगिन्सन यांचा हेतू निर्मळ होता याविषयी मला शंका नाही. तरीही युनियन फुलले नाही. कारण ज्यांना क्लबात जाता येत होते त्यांना युनियनची गरज नव्हती. आणि ज्यांना जाता येत नव्हते त्यांना तेथे बसणे म्हणजे आपण नाकारलेले आहोत याची जाहीर कबुली देणे वाटू लागले. 'इतर सर्वांसाठी' म्हणून बांधलेली जागा 'उरलेल्यांची' होऊन बसते. गरीब विद्यार्थ्यांसाठी म्हणून वेगळी पंगत मांडणारांनी हे ध्यानी ठेवावे. आपल्याकडे वार लावून जेवणारे विद्यार्थी होते. त्यांच्या आठवणी वाचल्या तर दिसते की अन्नाच्या ऋणाबरोबरच कुठे, कोणत्या पाटावर बसवले गेले याचीही नोंद त्यांच्या मनाने ठेवलेली असे.

त्यानंतरचा मोठा प्रयत्न विद्यापीठाचे अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांचा. ते १९०९ ते १९३३ अध्यक्ष होते. त्यांचे म्हणणे असे की स्वतंत्र करमणूक केंद्र काढून भागणार नाही. राहणे, जेवणे आणि शिकणेच एकत्र आणले पाहिजे. एडवर्ड हार्कनेस या येलच्या माजी विद्यार्थ्याने त्यासाठी प्रचंड देणगी दिली. येलने वेळेवर होकार दिला नाही म्हणून ती आधी हार्वर्डच्या पदरात पडली, हा त्यातला गमतीचा भाग. १९३० साली पहिली 'हाउस' उघडली. प्रत्येक हाउसला स्वतःचे भोजनगृह, ग्रंथालय, बैठकीचे दालन आणि सोबत राहणारे अध्यापक. गुरुकुलाची कल्पना ज्यांना प्रिय आहे त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हार्वर्डची पदवी घेतली ती १९२९ मध्ये, म्हणजे ही हाउस उघडण्याच्या आदल्या वर्षी. त्यांचे वडील धर्मानंद पाली ग्रंथांच्या कामासाठी हार्वर्डला गेले होते. मुलगा शिकला तो जुन्या, दुभंगलेल्या हार्वर्डमध्ये.

परंतु लोवेल यांचे चित्र एकरंगी काढता येत नाही. सहजीवनाचा एवढा पुरस्कार करणाऱ्या याच माणसाने १९२२ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रथम वर्षाच्या वसतिगृहात राहू द्यायचे नाही असे धोरण चालवले. त्यावर गदारोळ झाला आणि १९२३ मध्ये विद्यापीठाच्या नियामकांना ते फिरवावे लागले. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचाही त्यांचा आग्रह होता. 'सर्वांनी एकत्र राहावे' या वाक्यातील 'सर्व' या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याला नेहमी विचारून घ्यावा, तो असा. प्रिन्स्टनमध्ये तर वूड्रो विल्सन यांनी भोजन क्लबांना पर्याय म्हणून अशीच निवासी योजना मांडली होती. १९०७ साली विश्वस्तांनी तिचा पाठिंबा काढून घेतला. क्लबांचे माजी सदस्य देणगीदारही असतात, हे विल्सन यांना तेव्हा कळले असावे.

हाउस आली, युनियनचे प्रथम वर्षाच्या मुलांचे भोजनगृह झाले आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला. तो मिटला नव्हता. क्लब होते तेथेच होते. आणि विद्यार्थिनी? त्या रॅडक्लिफ या वेगळ्या महाविद्यालयात, मुख्य आवारापासून दूर. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी १९४९ साली बांधलेल्या लॅमाँट ग्रंथालयात मुलींना १९६७ पर्यंत प्रवेश नव्हता. आता यावर काही भाष्य करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

१९८२ साली हार्वर्डमध्ये 'अंडरग्रॅज्युएट कौन्सिल' हे निर्वाचित विद्यार्थी मंडळ स्थापन झाले. (येथे 'विद्यार्थी परिषद' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वेगळे काही उभे राहते, म्हणून मी 'कौन्सिल' हाच शब्द वापरतो.) त्यानंतर दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, महाविद्यालयाने क्लबांना सांगितले, मुलींना सदस्यत्व द्या नाहीतर आमचा तुमचा संबंध संपला. क्लबांनी संबंध संपवला. तोवर विद्यापीठाच्या वाहिन्यांतून त्यांच्या इमारतींना उष्णतेसाठी वाफ आणि दूरध्वनीची जोडणी मिळत असे, ती तुटली. तत्त्व राखले गेले, पण एक विचित्र गोष्ट झाली. गावातील सर्वांत मोक्याच्या जागा विद्यापीठाच्या हाताबाहेर गेल्या आणि विद्यार्थी मात्र तेथे जातच राहिले.

ते का जात राहिले, हे समजून घेतल्याशिवाय कौन्सिलची धडपड कळणार नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यानंतर मद्यपानाचे किमान वय सर्वत्र एकवीस झाले. महाविद्यालयातील बहुसंख्य मुले अठरा ते वीस वर्षांची. म्हणजे गावातील मद्यालयांची दारे त्यांना बंद. हाउसमध्ये कार्यक्रम करायचा तर नोंदणी, वेळेची मर्यादा आणि देखरेख. क्लबची इमारत खाजगी, दार आतून बंद. मद्याविषयी आपली मते काहीही असोत, माझीही आहेत. पण परिणाम पाहा. शनिवारी रात्री कोण आत येईल हे दारात उभा राहिलेला एक वीस वर्षांचा मुलगा ठरवू लागला. मुली पाहुण्या म्हणून आत जात, सदस्य म्हणून नव्हे. ओळख नसलेल्या मुलांना दारातूनच परत पाठवले जाई. ज्या घरात आपला हक्क नाही, तेथे पाहुणी म्हणून गेलेली मुलगी अडचणीत सापडली तर तिने दाद कुणाकडे मागायची? २०१६ साली लैंगिक अत्याचार प्रतिबंधासाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या कार्यगटाने आपल्या अहवालात या क्लबांकडे स्पष्ट बोट दाखवले, ते यामुळे. 'बसायला जागा' हा प्रश्न मुलींच्या बाबतीत सुरक्षिततेचाही होता, आणि तो केवळ व्याख्यानांनी सुटणारा नव्हता. दुसरी, हक्काची, स्वस्त जागा असल्याशिवाय 'तेथे जाऊ नका' या उपदेशाला अर्थ नव्हता.

गावात स्वस्त जागा होत्या का? होत्या. हार्वर्ड स्क्वेअरमध्ये 'द टेस्टी' नावाचे एक इवलेसे खानावळवजा दुकान १९१६ पासून चालू होते. मोजून सोळा-एक उंच बाके. प्राध्यापक, रिक्तहस्त विद्यार्थी, रात्रपाळीचे कामगार एकाच फळीवर कोपर टेकून खात. १९९७ मध्ये ते बंद झाले आणि इमारतीच्या पुनर्विकासानंतर त्या जागी कपड्यांच्या एका नामांकित साखळीचे दुकान आले. १९५९ पासूनचा 'कॅफे पांप्लोना' २०२० मध्ये मिटला. भाडी वाढतात तशी बसण्याची जागा आधी जाते. कारण एका कॉफीवर दोन तास बसणारा विद्यार्थी कोणत्याच भाड्याच्या गणितात बसत नाही. आपल्या शहरातील इराण्यांचे काय झाले ते आठवा.

कौन्सिलच्या निवडणुकीत 'विद्यार्थी केंद्र' हे आश्वासन त्यामुळे कायमचे ठाण मांडून बसले. १९९६ साली मेमोरियल हॉलच्या तळघरात 'लोकर कॉमन्स' उघडले. जागा मोठी, देणगी मोठी. पण खिडक्या नसलेले तळघर ते तळघरच. ते कधी भरले नाही. शेवटी २००७ मध्ये तेथे महाविद्यालयानेच 'केंब्रिज क्वीन्स हेड' नावाचे मद्यगृह काढले. जॉन हार्वर्ड यांच्या कुटुंबाकडे लंडनच्या सदर्कमध्ये याच नावाची खाणावळ होती, त्यावरून हे नाव. २००६ मध्ये रॅडक्लिफच्या बाजूचे जुने हिल्स ग्रंथालय विद्यार्थी संघटनांना देण्यात आले. खोल्या भरपूर मिळाल्या, पण मुख्य आवारापासून पंधरा-वीस मिनिटांची चाल, आणि ती बोस्टनच्या हिवाळ्यात. जागा द्यायची तर ती अशा ठिकाणी द्यायची की कुणी येऊ नये, ही कला सर्व देशांतील प्रशासनांना सारखीच अवगत असते.

कौन्सिलने स्वतःची एक युक्तीही काढली होती. इमारत मिळत नाही तर ज्या खोल्या आहेत त्यांनाच मदत करावी, म्हणून वसतिगृहात स्नेहमेळावे भरवणाऱ्या विद्यार्थ्यांना छोटी अनुदाने द्यायला सुरुवात केली. मला ही कल्पना फार व्यवहारी वाटते. क्लबला पर्याय हवा तर तो माझ्या-तुमच्या खोलीत का नसावा? पण पैशांतून मद्य विकत घेतले जाते, तेही अल्पवयीनांसाठी, असा आक्षेप आला आणि २००७ मध्ये तत्कालीन हंगामी डीन डेव्हिड पिलबीम यांनी ही अनुदाने बंद केली. (हे पिलबीम म्हणजे पोटवार पठारावरील शिवापिथेकसचे जीवाश्म अभ्यासणारे मानववंशशास्त्रज्ञ. शिवालिकच्या खडकांतून लाखो वर्षांपूर्वीचे जबडे शोधणे त्यांना या कामापेक्षा सोपे गेले असेल.) आक्षेप खोटा नव्हता. मात्र अनुदान बंद झाल्याने मद्यपान बंद झाले नाही. ते पुन्हा बंद दारांआड, क्लबांकडे सरकले.

कौन्सिलचे खरे यश मला दुसरीकडे दिसते. २००५ मध्ये त्यांच्या पाठपुराव्यानंतर लॅमाँट ग्रंथालय आठवड्याचे पाच दिवस चोवीस तास उघडे राहू लागले, आणि पुढच्या वर्षी तेथे एक साधा कॅफे निघाला. ना नवी इमारत, ना देणगीदाराच्या नावाची पाटी. जी जागा होती तिची वेळ त्यांनी मागून घेतली. आवाराच्या मध्यभागी, उजेडात, विनानिमंत्रण, आणि एकेकाळी मुलींना मज्जाव असलेल्या त्याच वास्तूत. तुम्ही प्रतिनिधी म्हणून आपापल्या प्राचार्यांकडे जाल तेव्हा हे उदाहरण खिशात ठेवा. सहाला कुलूप लागणारी वाचनशाळा, चारला मिटणारे उपाहारगृह, रिकामे पडलेले जिमखान्याचे दालन; यांच्या वेळा काय आहेत, त्या कुणी ठरवल्या आणि राखणदाराचा पगार किती, एवढे टिपून न्या. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानंतर थेट निवडणुका थांबल्या. २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आल्या. परंतु वाचनशाळेची वेळ वाढवून मागायला निवडून यावेच लागते असे नाही.

पुढची हकीकत वेगाने सांगतो. २०१३ मध्ये कौन्सिलच्या निवडणुकीत थट्टा म्हणून उभी राहिलेली जोडी जिंकली. त्यांच्या जाहीरनाम्यात जाड स्वच्छता-कागदाचे आश्वासन होते. विद्यार्थी हसले, पण ज्यांच्या आश्वासनांतून वर्षानुवर्षे काही निघत नाही त्यांना मिळालेले ते उत्तर होते. आणि यात दोष केवळ प्रतिनिधींचा नव्हता. कौन्सिलचा कार्यकाळ एक वर्षाचा, विद्यार्थी चार वर्षांचा, आणि इमारतीची योजना दहा वर्षांची. मागणी करणारा पदवी घेऊन जातो, नवा प्रतिनिधी पुन्हा पहिल्या पत्रापासून सुरुवात करतो. क्लबांचे याच्या उलट. त्यांच्या इमारती माजी सदस्यांच्या संस्थांच्या मालकीच्या. तेथे वडील, काका, आजोबा यांची स्मृती सलग असते. एका बाजूला दोनशे वर्षांची मालमत्ता आणि दुसऱ्या बाजूला दरवर्षी बदलणारा सरचिटणीस, अशी ती लढत होती.

मे २०१६ मध्ये अध्यक्ष ड्र्यू फाउस्ट आणि महाविद्यालयाचे डीन राकेश खुराना यांनी कठोर धोरण जाहीर केले. २०१७ पासून प्रवेश घेणारा जो विद्यार्थी केवळ पुरुषांच्या किंवा केवळ स्त्रियांच्या अशा खाजगी मंडळात जाईल, त्याला मान्यताप्राप्त संघटनांचे नेतृत्व, क्रीडासंघाचे कर्णधारपद आणि ऱ्होड्ससारख्या शिष्यवृत्तीसाठीची शिफारस मिळणार नाही. हेतू स्तुत्य होता. पण त्याच वर्षी कौन्सिलने घेतलेल्या सार्वमतात बहुसंख्य विद्यार्थ्यांनी धोरण मागे घ्यावे असा कौल दिला. बाहेरून पाहणाऱ्यास हे आश्चर्याचे वाटते. थोडा विचार केला तर वाटत नाही. क्लब मोडू पाहणाऱ्या प्रशासनाने पर्यायी जागा अजून दिलेली नव्हती. शिवाय या धोरणाचा फटका मुलींनी आपल्या सोयीसाठी उभारलेल्या मंडळांनाही बसला. १९९१ पासून मुलींचे स्वतंत्र क्लब निघाले होते, ते मुळात मुलांच्या दारात तिष्ठावे लागू नये म्हणूनच. २०१८ मध्ये न्यायालयात दावे दाखल झाले आणि जून २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या बोस्टॉक निकालानंतर, हार्वर्डने हे धोरण मागे घेतले. विद्यार्थ्यांच्या खाजगी आयुष्यात विद्यापीठाने किती हात घालावा, यावर माझे मत या धोरणाच्या विरुद्ध आहे. पण ते मत असणे सोपे आहे, आणि क्लबच्या दारात ताटकळलेल्या मुलीला ते पटवणे अवघड, हेही मी जाणतो.

दरम्यान सप्टेंबर २०१८ मध्ये जुन्या होल्योक सेंटरचे रूपांतर होऊन 'स्मिथ कँपस सेंटर' उघडले. मूळ वास्तू जोसेप लुईस सर्ट यांची. काचेच्या भिंती, आत झाडे, बसायला भरपूर जागा, आणि तळमजला गावातील कुणालाही खुला. चांगली वास्तू आहे. परंतु ती सर्व विद्यापीठाची आणि सर्व गावाची. पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या हाती तिची किल्ली नाही, आणि आतील खाद्यगृहांचे दर बाजारचे. हिगिन्सन यांच्यापासून जे मागितले जात होते ते हेच का, यावर विद्यार्थ्यांत मतभेद राहिले.

२०२२ च्या वसंतात विद्यार्थ्यांनी मोठ्या बहुमताने अंडरग्रॅज्युएट कौन्सिलच विसर्जित केले आणि तिच्या जागी 'हार्वर्ड अंडरग्रॅज्युएट असोसिएशन' आणली. पहिल्या संस्थेची चाळीस वर्षांची कागदपत्रे, ठराव आणि अहवाल आहेत. नव्या प्रतिनिधींनी ते उघडून वाचले तर निदान पहिले पत्र पुन्हा लिहावे लागणार नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी समोर आली आहे. आपापल्या महाविद्यालयातील जागांच्या वेळांची टिपणे ज्यांनी आणली असतील त्यांनी चहाच्या सुटीत मला भेटावे. व्यवस्थापनाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आपण तेथेच बसून करू.